दमट हवेचे गणित : रत्नागिरीच्या घरांतील शीतलीकरणाचा आढावा

हवामानाच्या तक्त्यातील केवळ तापमानाचा रकाना वाचणाऱ्याला रत्नागिरीचा उन्हाळा सौम्य भासावा. मे महिन्यात विदर्भात पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर चढलेला असता येथे तो बहुधा ३२-३३ अंशांच्या आसपास थांबतो. तथापि मेच्या अखेरीस, वळवाची एक सर पडून गेल्यावर, माडाची झावळीसुद्धा हलत नाही अशी एखादी रात्र ज्याने या गावी काढली आहे, त्याला त्या रकान्याची अपूर्णता निराळी सांगावी लागत नाही. घाम येतो आणि अंगावरच राहतो. उशी ओलसर लागते. पंखा फिरतो पण सुख देत नाही. या उकाड्यावर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र आता सामान्य मिळकतीच्या घरांतही येऊ लागले आहे, आणि त्याचे मला वैषम्य वाटत नाही, कारण रात्रीची झोप ही चैन नव्हे. परंतु यंत्र किती क्षमतेचे असावे, कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर आणि कशा रीतीने बसवावे, या प्रश्नांचा निर्णय दुकानाच्या गल्ल्यापाशी दोन-चार वाक्यांत उरकला जातो. आणि हजारो रुपये खर्चून घेतलेले यंत्र खोली गार करते, पण कोरडी करीत नाही, असा अनुभव घरोघर येतो. या संपूर्ण प्रश्नाचा, घराच्या छपरापासून यंत्राच्या नळीपर्यंत, क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या घराची तजवीज

राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे जे पाच हवामान-विभाग कल्पिले आहेत, त्यांपैकी ‘उष्ण व दमट’ या विभागात कोकणपट्टी मोडते. अशा प्रदेशात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात अंतर थोडे असल्यामुळे जाड भिंतींनी दिवसाची उष्णता अडवावी आणि रात्रीच्या थंडाव्याने ती बाहेर टाकावी, ही देशावरच्या वाड्यांची युक्ती येथे पुरेशी फळत नाही. ऑटो कोनिग्सबर्गर या भुवनेश्वरची आखणी करणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७४ साली उष्ण कटिबंधातील घरांवर जो पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही दमट प्रदेशासाठी सावली आणि खेळती हवा या दोनच गोष्टींवर मुख्य भिस्त ठेवलेली आढळते. कोकणातील गवंड्यांनी आणि सुतारांनी हे ज्ञान ग्रंथाविना आत्मसात केले होते.

उतरते छप्पर, त्याची भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली वळचण, पुढे ओटी, बाजूंना पडवी, मध्ये माजघर आणि वर माळा, ही रचना पावसाच्या भयाने जन्मली खरी. पण तिने उन्हाचाही बंदोबस्त केला. पडवीमुळे जांभ्याच्या भिंतीवर ऊन थेट पडत नसे, माळ्यामुळे कौलांची धग माजघरात उतरत नसे, आणि कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. बाझेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यानंतर नळीच्या कौलांची जागा हळूहळू मंगळुरी कौलांनी घेतली, तरी छपराचा श्वास बंद झाला नाही. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मघर पाहावे, अथवा ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१० पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत ज्या राजवाड्यात राहिला तो पाहावा. एक मध्यमवर्गीयाचे घर आणि दुसरा राजबंद्याचा प्रासाद. पण उतरते छप्पर, जांभा आणि हवेला मोकळी वाट यांविषयी दोहोंचे एकमत आहे.

या परंपरेला खंड पडला तो सपाट स्लॅबमुळे. रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७ असल्याने मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी माथ्यावर येतो. म्हणजे नेमक्या उकाड्याच्या दिवसांत भिंतींपेक्षा छप्परच अधिक तापते. चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब दिवसभर ती उष्णता शोषतो आणि दिवेलागणीनंतर, घरातली माणसे निजावयास येतात तेव्हा, खोलीत सोडू लागतो. गळतीच्या त्रासाने लोकांनी स्लॅबवर पत्र्याची शेड उभारण्याचा परिपाठ घातला, तो या दृष्टीने हितकारकच ठरला. मात्र ती शेड बाजूंनी मोकळी ठेवली तरच. चारी बाजू बंद करून तिची अडगळीची खोली केली, की पत्र्याखाली कोंडलेली हवा स्लॅबला पुन्हा तापवू लागते.

टनाचा अर्थ आणि मेचा हिशेब

वातानुकूलन यंत्राची क्षमता टनांत सांगतात, आणि तो टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या वेगाने उष्णता बाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. ही क्षमता सुमारे ३,५०० वॉट भरते. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीसाठी बर्फ मोजून घेणाऱ्यांना त्याच्या शक्तीचा अंदाज चांगलाच असतो. घरासाठी यंत्र घेताना मात्र ‘शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन, आणि वरचा मजला असेल तर दीड’ या तोंडी नियमापलीकडे मोजणी जात नाही. या नियमात छपराचा, खिडकीच्या दिशेचा, माणसांच्या संख्येचा आणि फटींचा उल्लेखही नाही.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच, वरच्या मजल्यावरची, पश्चिमेस एक खिडकी असलेली आणि दोन माणसांच्या निजण्याची खोली घेऊन मेच्या दुपारचा ढोबळ हिशेब मांडू. उघड्या स्लॅबमधून सुमारे १,००० वॉट, बिनसावलीच्या पश्चिम खिडकीतून ६००, भिंतींतून ५५०, माणसांकडून २३०, दिवा-पंखा-दूरचित्रवाणीकडून १३०, आणि फटींतून शिरणाऱ्या हवेबरोबर, ती ताशी एकदा पूर्ण बदलते असे धरल्यास, ३३० वॉट. बेरीज २,८४० वॉट, म्हणजे सुमारे ०.८ टन. आता याच खोलीच्या स्लॅबवर हवेशीर शेड आली आणि खिडकीवर रुंद छज्जा वा बाहेरून चिकाचा पडदा आला असे समजू. छपराचा आकडा ३५०वर, खिडकीचा १५०वर आणि भिंतींचा ४५०वर येतो. इतर बाबी कायम राहतात. बेरीज १,६४० वॉट, म्हणजे अर्ध्या टनाहूनही किंचित कमी. हे आकडे प्रत्येक घरी निराळे येतील. पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण फारसे बदलत नाही, आणि ते प्रमाणच सांगते की जो दीड टनाचे यंत्र घेण्यास निघाला आहे त्याने त्यातील वाढीव रक्कम छपरावर आणि छज्ज्यावर खर्च केली, तर लहान यंत्रात त्याचे काम अधिक चांगले भागेल.

आषाढाचा हिशेब

यापुढचा मुद्दा या प्रश्नाचे मर्म आहे, आणि तो बाजारात बहुधा कोणी बोलून दाखवीत नाही. यंत्राला खोलीतून दोन प्रकारची उष्णता काढावी लागते. एक प्रकट उष्णता, जी तापमापकावर दिसते. दुसरी अप्रकट उष्णता, जी हवेतील बाष्पात दडलेली असते आणि त्या बाष्पाचे पाणी झाल्याखेरीज बाहेर पडत नाही. हवेतून ताशी एक लिटर पाणी गाळण्यासाठी सुमारे ६७५ वॉट, म्हणजे टनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा खर्ची पडतो.

मेच्या दुपारी ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असता एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. आषाढात संततधार लागून तापमान २७ अंशांवर उतरले आणि आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली, तरीही बाष्प तेवढेच, २३ ग्रॅम. उकाडा शमला असे वाटते, पण पाण्याचे ओझे रतीभरही हलके झालेले नसते. खोलीत सुखावह वाटणाऱ्या २५ अंश व ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत हे बाष्प तेरा ग्रॅमांच्या आत असते. सबब बाहेरून शिरलेल्या प्रत्येक घनमीटर हवेमागे यंत्राला दहा ग्रॅमांहून अधिक पाणी गाळावे लागते, मग महिना कोणताही असो.

आता वरच्याच खोलीची आषाढातील रात्र घ्यावी. ऊन नाही, छप्पर थंड आहे, बाहेर-आत दोन अंशांचेच अंतर आहे. प्रकट उष्णता कशीबशी ३२० वॉट आणि अप्रकट उष्णता मेइतकीच, ३३० वॉट. एकूण भार ६५० वॉट, टनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी; आणि त्याचा निम्मा भाग पाण्याचा. सामान्य यंत्र आपल्या शक्तीचा ढोबळमानाने पाऊण हिस्सा तापमान उतरविण्यात आणि पाव हिस्सा पाणी गाळण्यात खर्च करते. तेव्हा भाराच्या आठपट शक्तीचे दीड टनी यंत्र या खोलीत काय करील? ते काही मिनिटांत तापमान उतरवील, तापमान उतरताच थांबेल, आणि थांबल्यावर आतला पंखा फिरत राहिल्यास शीत नळ्यांवर जमलेले थेंब पुन्हा खोलीतच उडवून देईल. खोली थंड आणि ओलसर होते. चादर गार पण दमट, कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, चामड्याच्या चपलांवर पांढरी झाक. घरमालक यंत्राला दोष देतो आणि तापमान आणखी खाली आणतो, त्यामुळे भिंती अधिक गार होऊन त्यांवर ओल धरण्याचा संभव वाढतो.

वातानुकूलनाचा इतिहास पाहता या परिणामाची खंत अधिकच वाटते. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती दमट हवेने कागद फुगतो आणि रंगांचे ठसे एकावर एक जुळत नाहीत, या अडचणीच्या निवारणार्थ होती. आर्द्रतेवर ताबा मिळविणे हेच या विद्येचे मूळ प्रयोजन. आणि जेथे ते प्रयोजन सर्वाधिक लागू आहे, त्या कोकण किनाऱ्यावर आपण यंत्राची निवड केवळ गारव्यावरून करतो.

फिरण्याचा वेग कमी-अधिक करू शकणाऱ्या इन्व्हर्टर यंत्राने ही अडचण बरीच सुसह्य केली आहे. पण अशा यंत्राच्याही वेगाला एक खालची मर्यादा असते. भार त्याखाली गेला की तेही बंद-चालू होऊ लागते. म्हणून खरेदीच्या वेळी कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही विचारावी, आणि दोन यंत्रांत शंका असेल तर लहान घ्यावे. पावसाळ्यात ‘ड्राय’ ही कळ वापरावी व पंखा मंद ठेवावा. मेतल्या दोन-चार अतिकठीण दुपारी लहान यंत्र एखादा अंश कमी पडले तर छताचा पंखा तेवढी भर काढतो. चार महिन्यांची ओल मात्र कोणताही पंखा काढू शकत नाही.

अन्य साधने, आणि उबेचा प्रश्न

पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि त्यांचा आधुनिक अवतार जो कूलर, तो विदर्भात वरदान आहे, कारण तेथील कोरडी हवा पाणी पिऊन घेते आणि त्यात थंड होते. रत्नागिरीच्या मेमध्ये ओल्या फडक्याचा तापमापकच २७ अंशांच्या वर दाखवितो; तेव्हा उत्तम कूलरनेही हवा फार तर २८ अंशांपर्यंत उतरेल, आणि तीही बाष्पाने जवळजवळ संपृक्त होऊन. येथे कूलर घेणे म्हणजे विकत ओल आणणे होय. याउलट छताचा पंखा हा येथला खरा मित्र आहे. अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा वाहिला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरल्याचे सुख मिळते. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढेच काम करतो. यंत्र २६ किंवा २७ अंशांवर आणि सोबत मंद पंखा, हा संयोग शरीराला आणि वीजबिलाला सारखाच मानवतो.

घर ऊबदार करण्याचा प्रश्न कोकणात नाही. न्हाणीघरातील बंब आणि पोटात घेतलेला गरम चहा एवढ्यावर येथला पौष भागतो. पण अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना भट्टी आणि शीतयंत्र दोन्ही घ्यावी लागतात, आणि तेथेही अवाजवी मोठे यंत्र बसविण्याची खोड जुनीच आहे. तिला आळा घालण्यासाठी तेथील कंत्राटदारांच्या संघटनेने भार मोजण्याची ‘मॅन्युअल जे’ नामक पद्धती सिद्ध केली. खोलीगणिक भिंत, काच, छप्पर, फटी आणि माणसे यांचा हिशेब मांडूनच यंत्र निवडावे असा तिचा दंडक आहे. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोची इमारतींच्या कार्यात्मक गरजांविषयीची १९८७ची हस्तपुस्तिका आहे, आणि रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भारतीय देहाला मानवणाऱ्या हवेचा निर्देशांकही बसविला आहे. ज्ञानाची वाण नाही. ते गल्ल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

बसवणीचे नियम

अचूक निवडलेले यंत्र निष्काळजी बसवणीने फुकट जाऊ शकते, आणि समुद्रकाठी त्याचे मार्ग अधिक आहेत. पहिली बाब खोलीची. कौलारू छपराखालची, भिंत आणि कौले यांच्यामध्ये वीतभर फट असलेली खोली आहे तशी गार करू पाहणे म्हणजे आकाश गार करणे. तेथे आधी लाकडी किंवा अन्य तक्तपोशी बसवून, तिच्यावर उष्णतारोधक थर देऊन, मगच यंत्राचा विचार करावा. हवा ताशी एकदाऐवजी तीनदा बदलली तर गाळावयाचे पाणी साडेतीनशे ग्रॅमांवरून लिटरभर होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे दाराच्या फटीला लावलेल्या रबरी पट्टीचे मोल कळते.

दुसरी बाब बाहेरच्या यंत्राच्या जागेची. मांडवी, भाट्ये, मिऱ्या यांसारख्या समुद्रसन्मुख भागांत खारा वारा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि लोखंडी ब्रॅकेट थोड्याच वर्षांत खाऊन टाकतो. म्हणून आउटडोअर शक्यतो उत्तर किंवा पूर्व भिंतीवर, वळचणीच्या आश्रयाला, पण समोर मोकळी हवा ठेवून बसवावा. जाळी लावून बंद केलेल्या गॅलरीत कोंडू नये. पात्यांवर संरक्षक लेप असलेले यंत्र घ्यावे, ब्रॅकेट व बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे मागावेत, आणि वीज बंद करून गोड्या पाण्याने पात्या वरचेवर धुवाव्यात.

तिसरी बाब नळ्यांची. जोडणीनंतर नळ्यांत राहिलेली दमट हवा पंपाने पूर्ण खेचून काढणे अत्यावश्यक आहे. थोडा गॅस सोडून ती ‘मारून’ काढण्याची घाईची रीत येथे विशेष घातक, कारण आत राहिलेले पाणी तेलाशी मिळून आम्ल बनते आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य कुरतडते. पंप लावण्यापूर्वी नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासावी, आणि हल्ली सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा काहीसा ज्वलनशील वायू असल्याने तो जाणकारानेच, वजन करून भरावा. बाहेरच्या हवेचा दवबिंदू मे आणि आषाढ दोन्हींत २५ अंशांच्या वर असल्यामुळे उघडी राहिलेली कोणतीही शीत नळी घळाघळा घाम गाळते. सबब जाड व बारीक दोन्ही नळ्यांना स्वतंत्र, सलग आवरण हवे. निचऱ्याच्या नळीला बाहेरच्या अंगाला उतार द्यावा, भिंतीतील छिद्रही बाहेर उतरते पाडून पुटीने बुजवावे. नाहीतर मृगाचा पहिलाच झोड त्या वाटेने घरात येतो.

चौथी बाब विजेची. यंत्रासाठी योग्य जाडीची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी असावा, आणि महावितरणकडील मंजूर भार पुरतो की नाही याची आधी खातरजमा करावी. जांभ्याच्या कातळावर, विशेषतः पाणी खोल गेलेल्या मेमध्ये, चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते. ते वायरमनकडून मोजून घ्यावे, गृहीत धरू नये.

कायदा, आणि घरमालकाचा हक्क

शासनाने या विषयात काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. २००६ पासून तारांकन आले, आणि खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना ते २०१० पासून सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी तरतूद झाली. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे आहे. २०१९ मधील राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतलीकरणाची गरजच २० ते २५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट मांडले. पण घरमालकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे २०१८ची इको निवास संहिता. दमट प्रदेशातील घराच्या उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान सहाव्या हिश्श्याएवढ्या असाव्यात, असे ती सांगते. आपल्या उदाहरणातील खोलीला त्या हिशेबाने २० चौरस फूट उघडी खिडकी हवी. छपरातून झिरपणाऱ्या उष्णतेवरही ती मर्यादा घालते, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो.

तारे मात्र यंत्राची परीक्षा करतात, घराची करीत नाहीत. पाच ताऱ्यांचे यंत्र तापलेल्या स्लॅबखाली, गरजेच्या दुप्पट आकाराचे, पंप न लावलेल्या नळ्यांसह बसविले, तर त्या ताऱ्यांचा पुष्कळसा उजेड वाया जातो. कोणत्याही सरकारी हुकमाने ही उणीव भरून निघेपर्यंत घरमालकाने आपला हक्क स्वतः बजावला पाहिजे. घर बांधतानाच वास्तुविशारदाकडे छपराच्या सावलीचा आणि समोरासमोरच्या खिडक्यांचा आग्रह धरावा. यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून खोलीची मोजणी आणि भाराचा तपशील कागदावर मागावा, त्यात मे आणि जुलै असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. असा कागद जो देऊ शकत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. बसवणीच्या वेळी नायट्रोजनची चाचणी आणि पंप डोळ्यांदेखत व्हावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या धंद्यात उतरणाऱ्या मुलांना किनाऱ्यावरच्या खाऱ्या व दमट हवेचा हा हिशेब शिकविला गेला, तर जिल्ह्याला जाणते कारागीर मिळतील आणि त्यांच्या कौशल्याला योग्य मोलही येईल.

सारांश, रत्नागिरीत क्रम असा असावा : प्रथम सावली, मग फटींचा बंदोबस्त, मग पंखा, आणि सर्वांत शेवटी, मोजून घेतलेले लहान यंत्र. हा क्रम पाळणाऱ्याचा खर्च कमी होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या घरातील म्हातारी माणसे व तान्ही मुले मेमध्येही आणि आषाढातही कोरड्या अंथरुणावर स्वस्थ झोपतात.